ठेवणीतला नग

दुकानदार मला कंपनीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे पाठीमागे काय म्हणत असतील याची मी फारशी चौकशी करत नाही. एका लहान कॅमेरा कंपनीची या शहरातली आणि आजूबाजूच्या चार शहरांतली प्रतिनिधी म्हणून मी एकोणीस वर्षं काम केलं. लहान म्हणजे किती लहान, तर माझ्या कार्डावरचं कंपनीचं नाव वाचून लोक हमखास विचारायचे, "हे पंखे बनवतात ना?"

आमच्या धंद्यात दर तीन महिन्यांनी एक गोल चित्र निघतं. कोणत्या कंपनीचे किती कॅमेरे खपले, त्याप्रमाणे त्या गोलाच्या फोडी पाडलेल्या असतात. चार मोठ्या कंपन्यांच्या चार मोठ्या फोडी, लाल, पिवळी, निळी आणि काळी. मग एक पोपटी चिरोटी, ती आम्ही. आणि शेवटी एक राखाडी फोड, तिच्यावर लिहिलेलं असतं, 'इतर'. दोन टक्क्यांच्या खाली घसरलात की तुमचा रंग जातो, नाव जातं आणि तुम्ही 'इतर' होता. आम्ही बरीच वर्षं सव्वादोन-अडीचच्या आसपास जीव धरून होतो. वर्गाच्या फोटोत शेवटच्या रांगेत अर्धं तोंड दिसणारं आपलं पोर जसं आईला लगेच सापडतं, तशी ती पोपटी चिरोटी मला सापडायची.

'इतर'ची मला एवढी धास्ती का, तर आमच्या साहेबांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं. साहेब दुसऱ्या मोठ्या शहरात बसतात, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि फक्त पडद्यावर भेटतात. ते म्हणाले होते, "बाई, सलग दोनदा 'इतर'मध्ये गेलो तर कंपनी इथला कारभार बंद करणार. विक्री बंद, दुरुस्ती बंद, सगळंच."

विक्री बंद झाली असती तर माझं कसंबसं भागलं असतं. बावन्नाव्या वर्षी पंखेसुद्धा विकले असते. पण दुरुस्ती म्हणजे माझा मामा.

सख्खा मामा. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. आईला आणि मला त्याने स्वतःच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं आणि त्यापायी स्वतः लग्नाचं नाव काढलं नाही. ही नोकरीही मला त्याच्याच ओळखीने लागली, कारण तो माझ्याही आधीपासून या कंपनीचे कॅमेरे दुरुस्त करत होता. एका वह्या-पेन्सिलींच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर कंपनीने त्याला खोली दिली होती. खिडकीपाशी टेबल, टेबलावर हिरवं फेल्ट, चिमटे, घड्याळजीचं भिंग आणि भिंतीला चौसष्ट खणांचं सुट्या भागांचं कपाट. डोळे मिटून तो हवा तो खण उघडायचा. एकसष्ट वर्षांचा माणूस, हात अजून दगडासारखा स्थिर. पण मोठ्या कंपन्या बाहेरच्या माणसाला आपल्या कॅमेऱ्याचा एक स्क्रूसुद्धा फिरवू देत नाहीत, सुटा भागही विकत नाहीत. म्हणजे पोपटी चिरोटी पुसली की मामाची खोली गेलीच, आणि त्या वयात त्याला दुसरी खोली कोण देणार होतं? हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. आम्ही दोघंही त्यावर अवाक्षर काढत नसू.

गेल्या वर्षी मात्र आमचे दिवस पालटतील असं वाटलं होतं. कंपनीने जुने सगळे बंद करून एक नवा कॅमेरा काढला. त्याचं शटर पडायचं ते ऐकूच यायचं नाही. मोठ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यातही आवाज बंद करायची सोय असते, नाही असं नाही, पण मग घरातल्या दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे उमटतात. आमच्यात पट्टे नाहीत आणि आवाजही नाही. लोक बटण दाबून विचारायचे, "निघाला का?" मामाने पहिला नग उघडून बघितला. मामा शटरला पडदा म्हणतो. भिंगातून बराच वेळ तो पडदा न्याहाळून म्हणाला, "हा ज्याने केला ना भाचीबाई, त्याला घाई नव्हती."

त्याला घाई नव्हती हे पुढे माल मागवताना माझ्याही लक्षात आलं. मी दोनशे नग मागवले होते, आले तीस. माझ्याकडची अकरा दुकानं, त्यांच्यात ते तीस वाटले आणि नऊ दिवसांत एकोणीस खपले. लोक नाव नोंदवून जायला लागले. मी रोज पुरवठा खात्याला लिहीत होते आणि रोज एकच उत्तर येत होतं की कारखाना लहान आहे, मोठ्या देशांच्या मागण्या आधी, तुमचा माल पुढच्या महिन्यात. पुढचा महिना दर महिन्याला एक महिना पुढे जायचा.

आता प्रत्येक दुकानात एकेकच नग उरला होता, आणि इथे माझ्या डोक्याने उडी घेतली.

त्यासाठी दुकानाची काच समजून घ्यावी लागेल. दर्शनी काचेत प्रत्येक कंपनीची एक फळी असते. ती तीन-चार आठवडे रिकामी दिसली की मोठ्या कंपनीचा माणूस आतून दिवे लावलेला चकचकीत स्टँड घेऊन हजर होतो, आणि एकदा हातची गेलेली फळी परत मिळत नाही. दुसरं म्हणजे मोजणीवाले. जाड चष्म्याचे, पन्नाशीचे, अतिशय सभ्य गृहस्थ. ते कुठल्याच कंपनीचे नसतात. गोल चित्र काढणाऱ्यांच्या वतीने महिन्यातून एकदा दुकानात येतात आणि प्रत्येक कंपनीविषयी दोनच प्रश्न विचारतात. पहिला, माल दुकानात दिसतो का? दुसरा, या महिन्यात किती विकला? पहिल्याचं उत्तर तीन महिने 'नाही' आलं, तर त्या दुकानाच्या यादीतून कंपनीचं नावच उडतं.

म्हणून मी अकराही दुकानदारांना एकत्र निरोप पाठवला. तो मला पाठ आहे. "शेवटचा नग विकू नये. ठेवणीत ठेवावा. बॅटरी घालून ठेवावी, म्हणजे गिऱ्हाइकाने हातात घेतल्यास चालू दिसेल. मला विचारल्याशिवाय कोणालाही देऊ नये." त्या गटात साहेबही होते. त्यांनी निरोपाखाली लगेच अंगठा दाखवला. मी पसंतीचा समजले. आपल्या भाषेत अंगठा दाखवण्याचा दुसरा अर्थ काय होतो, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या दिवसापासून सगळ्या दुकानांत त्याचं नावच 'ठेवणीतला' पडलं. मी मोठ्या कौतुकाने मामाला हे सांगितलं. तो काम करता करता म्हणाला, "आपल्याकडे ठेवणीतल्या कपबश्या होत्या, आठवतंय? तुझी आई पाहुण्यांसाठी जपायची. एकूण एक पाहुणा रोजच्या कपांतून चहा पिऊन गेला."

"हा धंदा आहे मामा, कपबश्या नाहीत."

"बरं," तो म्हणाला आणि भिंग डोळ्याला लावलं.

साधारण महिनाभराने मी चौकातल्या काकांच्या दुकानात बसले होते. काका म्हणजे माझे सगळ्यात जुने दुकानदार. बोलणं तिरकस, पण दिलेला शब्द मोडणार नाहीत. तेवढ्यात बाळवाली आली. ती तान्ह्या बाळांचे फोटो काढते, घरोघरी जाऊन, झोपेतले. त्या एकोणीसपैकी एक कॅमेरा तिने घेतला होता. चाळिशीची, सडसडीत, आणि सतत झोपलेल्या मुलांजवळ वावरून तिचा आवाजच बारीक झालेला.

"मला अजून एक हवाय," ती काकांना म्हणाली. "एकाच कॅमेऱ्यावर काम करते मी. मध्येच बिघडला तर हात चोळत बसावं लागेल. बाळ काही माझ्यासाठी लहान राहायचं थांबत नाही."

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "त्या कंपनीबाई. त्यांना विचारा."

"पुढच्या महिन्यात माल येतोय," मी म्हटलं.

"पण हा आहे ना इथे." तिने काचेवर बोट ठेवलं.

"तो दाखवायचा आहे."

"मला दाखवून झाला की. मी तर वापरतेय."

काका खोकल्याचं निमित्त करून हसले. मी तिला फळी, मोजणी, गोल चित्र यातलं काही सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर तिला वेड्यात काढल्यासारखं वाटलं असतं. मी पुन्हा म्हटलं, "पुढच्या महिन्यात नक्की." ती जाताना एवढंच म्हणाली, "विकायचा नाही तर काचेत कशाला ठेवता हो?" राग नव्हता तिच्या बोलण्यात. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. ती गेल्यावर काकांनी विचारलं, "देऊन टाकायचा होता का?" मी म्हटलं, "नाही. एकाला दिला की सगळे मागतील." आणि मी बरोबर वागले असं स्वतःला बजावत घरी गेले.

असे सहा महिने गेले. अकराही फळ्या शाबूत होत्या. मोजणीवाले यायचे, काचेत डोकावायचे, 'हो' लिहायचे. मग विचारायचे, किती विकले? दुकानदार म्हणायचे, एकही नाही. पहिल्या तिमाहीच्या चित्रात आमची चिरोटी दिसेनाशी झाली. मी मनाला समजावलं की माल आला की एका महिन्यात भरून काढू, फळ्या आपल्याकडे आहेत. दुसऱ्या तिमाहीचं चित्र निघायच्या आधी साहेबांचा फोन आला. पडद्यावर त्यांच्यामागे पांढरी भिंत होती आणि ते कुठल्याशा कागदावरून वाचत होते.

"बाई, प्रथम तुमचं अभिनंदन. उपलब्धतेत तुमचा विभाग सगळ्यात वर आहे. अकरापैकी अकरा दुकानं, सहा महिने सलग. शंभर टक्के. बाकी कोणालाच जमलेलं नाही. तुम्हाला प्रशस्तिपत्रक येईल."

मी आभार मानले. माणूस किती मूर्खासारखा आभार मानून मोकळा होतो.

"आता विक्री," ते म्हणाले. "शून्य. सहा महिन्यांत शून्य. वर म्हणतायत की प्रत्येक दुकानात माल आहे, लोक समोर बघतायत आणि एक माणूस घेत नाही, म्हणजे या कॅमेऱ्याला तिथे मागणीच नाही."

"साहेब, ते विकायचेच नव्हते. ते ठेवणीतले आहेत. माल आला नाही म्हणून ठेवले. फळी जाऊ नये म्हणून."

"माल आला नाही कारण तुमच्याकडे माल होता."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. नवा माल कुठे पाठवायचा हे आता कोणी माणूस ठरवत नाही. यंत्रणा ठरवते. जिथे दुकानं रिकामी दिसतात तिथे माल जातो. जिथे पडून असलेला दिसतो तिथे जात नाही. या सहा महिन्यांत आमच्या वाटचे दोन हप्ते निघाले होते, एक साठ नगांचा, एक नव्वदचा. दोन्ही वेळा यंत्रणेने पाहिलं की आमच्या अकरा दुकानांत माल तसाच बसून आहे. दोन्ही हप्ते दुसरीकडे वळवले गेले.

दीडशे कॅमेरे माझ्या दारावरून परत गेले होते आणि ते मी अकरा कॅमेऱ्यांनी अडवले होते.

"तुम्हाला माहीत होतं साहेब. मी निरोप पाठवला होता. तुम्ही अंगठा दिला होता."

"बाई, मी दिवसाला दोनशे निरोपांना अंगठा देतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. उलट थोडा ओशाळा होता. "मी बोलून बघतो वर. पण पुरवठा खातं वेगळं आहे आणि अहवाल खातं वेगळं. त्यांच्या कागदावर ठेवणीतला असा रकानाच नाही. आहे आणि नाही, एवढंच आहे."

मी पुढचे पंधरा दिवस जे काही केलं त्याला धडपड म्हणतात. अकरा दुकानांतल्या नोंदवलेल्या गिऱ्हाइकांची नावं गोळा केली, एकशे अठरा निघाली, ती यादी पाठवली. उत्तर आलं की यादी ठरलेल्या नमुन्यात नाही. ठरलेल्या नमुन्यात पाठवली. उत्तर आलं की मुदत संपली. मग पत्रच आलं. या विभागातला कारभार महिनाअखेर बंद करण्यात येत आहे, दुकानांत असलेला माल दुकानदारांनी आपल्या सोयीने संपवावा, दुरुस्तीची खोली रिकामी करावी. त्याच दिवशी दुसऱ्या पाकिटातून प्रशस्तिपत्रक आलं. जाड कागद, सोनेरी कडा.

मामाला सांगायला मी जिने चढून गेले तेव्हा वाटेत तीनदा थांबले. ते दम लागल्यामुळे नव्हतं. मी सगळं सांगितलं, यंत्रणेसकट, दीडशेसकट. त्याने ऐकून घेतलं. मला वाटलं होतं तो कपबश्यांचं काही बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू माझ्यासाठी केलंस." मला रडू आलं आणि त्याचा मला भयंकर राग आला, माझा मला, कारण ते खरंही होतं आणि त्याचा काही उपयोगही नव्हता.

पत्रानंतर मी दुकानदारांना फोन केले, आता विका म्हणून. चार दिवसांत दहा नग गेले. दोन दुकानांत तर एकाच नगावरून गिऱ्हाइकांची वादावादी झाली. कंपनीची गाडी येऊन मामाचं चौसष्ट खणांचं कपाट घेऊन गेली. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन तेवढा राहिला. टेबल मामाचं स्वतःचं होतं, म्हणून ते राहिलं.

खोली सोडायला पाच दिवस उरले असताना दुपारी बाळवाली जिने चढून आली. मी मामाला पुस्तकं बांधून देत होते. तिने पिशवीतून कॅमेरा काढला, दुपट्यात गुंडाळलेला.

"बटण दाबलं की फोटो काळा येतो," ती म्हणाली. "उद्या सकाळी जुळ्यांकडे जायचंय. दिवस भरायच्या आत झालेली आहेत, आठ आठवडे दवाखान्यात होती. काल घरी आणली. आई म्हणाली, आवाज न करणारा कॅमेरा असेल तरच या."

मामाने कॅमेरा उघडला आणि फुंकणीने हळूच हवा मारली. आतून पांढरी पूड उडाली. बाळांची पावडर. इतक्या महिन्यांची, पाती-पातीत शिरलेली. पडदा अर्ध्यावर अडकून वाकला होता.

"पडदा गेला," मामा म्हणाला. "दुसरा घालावा लागेल."

सवयीने त्याचा हात भिंतीकडे गेला, आणि तिथे चौकोन होता. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग त्याने तो मांडीवर ठेवला.

तेव्हा मला आठवलं की अकरा नगांपैकी दहाच गेले होते. काकांना मी फोन केला नव्हता. त्या दिवशी त्यांच्यासमोर बाळवालीला परत पाठवलं होतं, त्यांना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती, म्हणून आज करू, उद्या करू म्हणत राहिले होते. मी तिला म्हटलं, "बसा इथेच. मी अर्ध्या तासात नवाकोरा आणते. तुमचाच आहे तो." आयुष्यात इतक्या झरझर जिने मी उतरले नसेन.

काचेत तो होता. जागच्या जागी, पुसलेला.

"सगळ्यांनी विकले, तुम्ही का नाही विकलात?" मी काकांना विचारलं.

"तुम्हाला विचारल्याशिवाय देऊ नका म्हणाला होतात," काका म्हणाले. "तुम्ही काही सांगायला आला नाहीत. पाच जण मागून गेले. म्हटलं, बाईंनी कोणासाठी तरी राखला असेल." मग कॅमेरा माझ्या हातात देताना सहज म्हणाले, "दोनेक महिने चालू होत नाही बरं का. पण म्हटलं दाखवायलाच तर आहे."

वाटेत मी बटण दाबून दाबून बघितलं. खोलीत आल्यावर मामाने बॅटरीचं झाकण उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. चिमट्याने उचकटलं. आत बॅटरी फुगून फुटली होती, तिच्यातून काहीतरी ओघळून आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. आठ महिने ती बॅटरी तशीच पडून होती. बॅटरी घालून ठेवावी, म्हणजे चालू दिसेल. पाठ आहे मला तो निरोप.

"हा गेला," मामा म्हणाला. मग त्याने भिंग लावलं, कॅमेरा खिडकीकडे वळवला. "पडद्याला मात्र काही झालेलं नाही. फारसा पडलेलाच नाही तो."

त्याने बाळवालीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. मग त्याने नव्या कॅमेऱ्याला स्क्रू-ड्रायव्हर लावला. मी स्क्रूंची ताटली धरून उभी राहिले. लहानपणी अशीच धरायचे, न हलता. त्याने एकेक झाकण काढलं, आणि ज्याला घाई नव्हती त्याने केलेला तो पडदा नखाएवढ्या चिमट्याने उचलून तिच्या कॅमेऱ्यात बसवला. दोन तास लागले.

शेवटी तिने कॅमेरा गालाशी धरून बटण दाबलं. काही ऐकू आलं नाही. तिने मागच्या स्क्रीनवर पाहिलं, मामाचे हात आले होते, टेबलावर ठेवलेले.

"आला," ती म्हणाली. दुपटं घडी करता करता तिने विचारलं, "परत बिघडला तर कुठे येऊ?"

मामाने भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. ती समजली असावी. दारात जाऊन थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी दिला असतात, तर आज दोन असते." त्याच बारीक आवाजात, कोणाला उठवायचं नाही अशा. मी म्हटलं, "हो."

ती गेल्यावर मामाने पोकळ कॅमेरा पुढ्यात ओढला आणि एकेक झाकण परत बसवायला लागला.

"कशाला मामा आता?"

"उघडा कसा ठेवायचा," तो म्हणाला. सगळे स्क्रू नीट पिळले, फडक्याने पुसला, माझ्यापुढे ठेवला. बाहेरून नवाकोरा. मी बटण दाबलं. आवाज आला नाही. तो तसाही कधी येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. रविवारी मोठ्या कंपनीचा माणूस दिव्यांचा स्टँड आणून बसवणार आहे, तोवर फळी भकास दिसते, तो नग आणून ठेवता का. मी नेऊन ठेवला. फडकं फिरवून मागे सरते तोच जाड चष्मा डोकावला. महिन्याची मोजणी होती. कंपनी बंद होतेय हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं, पोचणारही नव्हतं, ते त्यांच्या प्रश्नांत नसतं.

"माल दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"तो आतून रिकामा आहे," मी म्हटलं.

त्यांनी काचेत वाकून पाहिलं, मग हातातल्या टॅबवर पाहिलं. बिचारे गोंधळले. "हो, पण दिसतो ना?"

"दिसतो."

त्यांनी 'हो'वर बोट टेकवलं आणि विचारलं, "या महिन्यात किती विकले?"